सिकलसेलचं भित्तिपत्रक : रंगांच्या आणि चित्रांच्या कामाच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

काम पक्कं झालं. जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेसाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर मराठी भित्तिपत्रक करायचंय. आकार ए-टू. १६ जूनला शाळा उघडते आणि १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो, त्याच्या आत ते भिंतीवर लागायला हवं. मजकूर तिथल्या विज्ञान शिकवणाऱ्या ताई लिहिणार, रेणूची चित्रं माझ्याकडे. ताईंनी फोनवर एकच अट घातली : "मॅडम, चित्राकडे बघून पोरांना कळलं पाहिजे नेमकं कुठं बिघडलंय ते. वर्गात तिघं-चौघं जण स्वतः सोसताहेत हे."

चित्रं तीन ठरली. एक, नेहमीचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारा रेणू. दोन, सिकलचे दोन रेणू एकमेकांना चिकटलेले. तीन, ऑक्सिजन धरलेलं आणि सोडलेलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) शेजारीशेजारी.

रेणूंची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर पायमॉल, मुक्तस्रोत आवृत्ती. एमएस्सीपासून हात बसलाय. पण तेव्हा चित्रं परीक्षकांसाठी असायची आणि रंग कुठले घ्यावेत हा प्रश्नच पडला नव्हता.

६ मे, रात्र

प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांसारख्या रेणूंच्या रचनांच्या संग्रहातून, फाइली उतरवल्या. ही बँक १९७१ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत आणि लालबागच्या खोलीत बसून कुणीही त्या फुकट घेऊ शकतो. मला तीन हव्यात : २एचएचबी (ऑक्सिजन सोडलेलं नेहमीचं हिमोग्लोबिन), १एचएचओ (ऑक्सिजन धरलेलं) आणि २एचबीएस (सिकलचं).

२एचएचबी उघडली. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा, प्रत्येक साखळी अमिनो आम्लांची. त्यांतल्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल निवडलं, कारण सिकलमधला बिघाड तिथेच असतो; काड्यांच्या रूपात दाखवलं, रंग मूलद्रव्यांप्रमाणे ठेवले. ग्लुटामिक आम्ल लगेच डोळ्यांत भरलं, टोकाला दोन लाल ऑक्सिजन. मग २एचबीएस उघडून तीच जागा बघितली. तिथलं व्हॅलिन मलाच शोधावं लागलं.

कारण साधं आहे. व्हॅलिनच्या बाजूच्या फांदीत कार्बन आणि हायड्रोजन एवढंच असतं. लाल दिसायला ऑक्सिजन नाही, निळं दिसायला नायट्रोजन नाही. पायमॉल पहिल्या फाइलीतल्या कार्बनला आपणहून हिरवा रंग देतं, दुसरीला आकाशी, आणि रिबिनीलाही (साखळी दाखवणाऱ्या पट्टीलाही) तोच. त्यामुळे हिरव्यावर हिरवं, आकाशीवर आकाशी. निरोगी जागा झळकते आणि बिघडलेली जागा साखळीत विरून जाते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने रंगांत काही चूक नाही, पण ताईंची अट नेमकी उलटी पडते.

हे बघितल्यावर बराच वेळ तसंच बसले. आजाराची गोष्टही हीच आहे. ऋण भार असलेला, पाण्यात रमणारा गट गेला आणि त्या जागी पाण्यापासून लपू पाहणारा तेलकट गट आला. जे गेलं ते रंगीत होतं, जे आलं ते बिनरंगी.

हिशेब लिहून ठेवते. अल्फाच्या दोन साखळ्या, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लं. बीटाच्या दोन, प्रत्येकी १४६. एकूण ५७४. बदल त्यांतल्या २ जागी. उरलेल्या ५७२ जागा रंगाने गप्प करायच्या आहेत.

ताईंसाठी टीप : हल्लीच्या जनुकीय अहवालांत हीच जागा ७ क्रमांकाची लिहिलेली सापडेल, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिन मोजतात. रचनेच्या फाइलींत ती ६ आहे. भित्तिपत्रकावर ६ ठेवूया.

९ मे

१एचएचओ उघडली तर अर्धाच रेणू : एक अल्फा, एक बीटा. फाइल तुटलेली नाही. स्फटिकात दोन्ही अर्धे सममितीने तंतोतंत सारखे असल्यामुळे फाइलीत एकच अर्धा लिहिलेला आहे. पूर्ण रेणूसाठी त्याच नोंदीची 'जैविक रचना' वेगळी मागवावी लागते. ती आली की दोन अर्धे दोन 'अवस्था' म्हणून एकामागे एक बसतात. स्प्लिट स्टेट्स ही आज्ञा दिल्यावर दोन वेगळ्या वस्तू होतात. त्यानंतरही एक खाचखळगा उरतो. दोन्ही अर्ध्यांत साखळ्यांची नावं ए आणि बीच असतात, म्हणून 'साखळी ए' म्हणून रंग दिला की दोन्हीकडच्या अल्फा रंगतात. मला तेच हवं होतं. एकच रंगवायची असेल तर वस्तूचं नावही सांगावं लागेल.

एक तास यात गेला. पुढच्या कुणाचा जाऊ नये म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

११ मे, रविवार

ताईंना पहिलं कच्चं चित्र पाठवलं होतं. दुपारी फोन आला. सुट्टीत पाड्यावर भेटलेल्या आठवीतल्या एका मुलीला त्यांनी ते मोबाइलवर दाखवलं. तिने विचारलं : "ऑक्सिजन लाल असतो म्हणून रक्त लाल होतं का?"

या प्रश्नाने माझा अख्खा रविवार घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. मुलीने चित्र नीट वाचलं होतं. चित्रात लाल गोळे होते, खाली 'ऑक्सिजन' लिहिलं होतं, रक्ताची गोष्ट चालली होती. तिचा निष्कर्ष तर्काला धरून होता. तसा निष्कर्ष निघेल असं चित्र मी काढलं होतं.

ऑक्सिजन लाल नाही. थंड करून द्रव केला तर तो फिकट निळसर दिसतो. रक्ताचा लाल रंग हीममुळे येतो, म्हणजे लोह आणि त्याभोवतीचं सपाट कडं यांच्यामुळे. ऑक्सिजन धरलेलं हीम ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश जोरात शोषतं आणि ५४१ व ५७७ च्या आसपास हिरवा-पिवळाही शोषतं. तांबडा तेवढा सुटून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. एकट्या अणूला मात्र आपल्या नेहमीच्या अर्थाने रंगच नाही. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर आणि अणू नॅनोमीटरच्या काही दशांशांएवढा.

मग ऑक्सिजनला लाल कुणी केलं? १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी क्रोकेच्या खेळातले लाकडी चेंडू रंगवून रेणू मांडून दाखवले होते : कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरिन हिरवा. पुढे १९५३ मध्ये कोरी आणि पॉलिंग यांनी जागा व्यापणारे नमुने प्रसिद्ध केले, १९६५ मध्ये कोल्टन यांनी त्यांत सुधारणा केल्या, आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून 'सीपीके' हे नाव रूढ झालं. पायमॉल उघडल्यावर जो लाल दिसतो तो या रूढीतून आलेला आहे.

पॉलिंग आमच्या विषयातलेही आहेत. १९४९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळं सरकतं, आणि या आजाराला 'रेणूचा आजार' म्हटलं. तो फरक नेमका ग्लुटामिक आम्लाच्या जागी आलेल्या व्हॅलिनमुळे आहे हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधून काढलं.

ठरवलं ते असं. भित्तिपत्रकावर मूलद्रव्यांचे रंग कुठेच नाहीत. हीमला लाल घराणं, कारण तिथे लाल खरा आहे. आणि तळाशी एक ओळ. मी लिहिली होती : 'चित्रातील रंग केवळ ओळखीसाठी वापरले आहेत.' ताईंनी ती खोडून लिहिलं : 'हे रंग आम्ही दिलेत. रेणू असा रंगीत नसतो.' त्यांचीच ओळ ठेवली.

१३ मे

रंग निवडायला बसले. अल्फा फिकी, बीटा तिच्याहून थोडी वेगळी फिकी, व्हॅलिन गडद तांबडं, अशी कल्पना होती. समोरच्या खोलीतला मुलगा आत्ताच दहावी झालाय. त्याला लाल-हिरव्यात फरक करता येत नाही हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. त्याला बोलावून दोन चित्रं दाखवली. पायमॉलच्या हिरव्या रिबिनीवर लाल व्हॅलिन ठेवलेल्या चित्रात त्याला ते सापडलं नाही. "कुठे बघायचंय, ताई?" म्हणाला. फिक्या करड्यावर नारिंगीकडे झुकणारं तांबडं ठेवलेल्या चित्रात त्याने लगेच बोट ठेवलं.

तो शेंदरी-तांबडा मी मनाने घेतलेला नाही. मासाताका ओकाबे आणि केइ इतो या जपानी शास्त्रज्ञांनी रंगांधळ्या माणसांनाही वेगळे ओळखता येतील असे काळ्यासकट आठ रंग सुचवले आहेत, त्यांतला तो आहे : लाल २१३, हिरवा ९४, निळा ०. पायमॉलमध्ये सेट कलर ही आज्ञा देऊन नाव आणि तीन आकडे लिहिले की स्वतःचा रंग तयार होतो. आकडे ० ते १ या मापात चालतात, ० ते २५५ मध्येही. रंगांना नावं मी मराठी उच्चाराची दिली : अल्फाराख, बीटावाळू, बिघाड (व्हॅलिनला), खळगी (शेजारच्या रेणूवरच्या, व्हॅलिन शिरतं त्या खड्ड्याला). सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी कशाला कुठला रंग दिला ते कळेल.

१७ मे

झेरॉक्स. हे डोक्यातच नव्हतं. ताई म्हणाल्या, आजूबाजूच्या शाळा भित्तिपत्रकाची झेरॉक्स मागतील, आणि जव्हारमध्ये रंगीत झेरॉक्स काढायचा खर्च त्यांना नको वाटेल. म्हणजे काळ्या-पांढऱ्यातही हे चित्र वाचता आलं पाहिजे.

करड्यात रंग किती उजळ उतरेल याचा एक ढोबळ हिशेब आहे : लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७, निळ्याचे ०.११४ भाग घेऊन बेरीज करायची. त्यावर सगळे रंग तपासले. अल्फाला ओकाबे-इतोंचा आकाशी (८६, १८०, २३३) आणि बीटाला त्यांचाच नारिंगी (२३०, १५९, ०) द्यावा असं एकदा मनात आलं होतं. पडद्यावर जोडी सुरेख दिसते. करड्यात आकाशी येतो १५८ आणि नारिंगी १६२. झेरॉक्समध्ये दोन्ही साखळ्या एकच होतील. डोळ्याला इतके लांबचे वाटणारे रंग उजेडाच्या मापात शेजारी निघाले, याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं.

आता ठरलेले :

अल्फाराख १७०, १७८, १८८, करड्यात १७७.
बीटावाळू २२२, २०५, १७०, करड्यात २०६.
बिघाड २१३, ९४, ०, करड्यात ११९.
निरोगी ग्लुटामिक आम्लाला आकाशी, करड्यात १५८. पाण्यात रमणारं म्हणून आकाशी.

हे आकडे रंगाचे आहेत, चित्राचे नाहीत. रेंडर करताना, म्हणजे पायमॉल पक्कं चित्र काढतं तेव्हा, दिवे आणि सावल्या पडल्या की वाळूही काही ठिकाणी १५० पर्यंत उतरते. त्यामुळे दिव्यांचं काम रंगांच्या कामापासून वेगळं काढता येत नाही. ते पुढच्या आठवड्यात.

१८ मे

दृश्य पक्कं केलं. गेट व्ह्यू म्हटलं की पायमॉल रेणू कुठून कसा दिसतोय ते सांगणारे १८ आकडे छापतं. ते आज्ञांच्या फाइलीत चिकटवले. आता माऊसने काहीही फिरवलं तरी सेट व्ह्यूने जागेवर परत येता येतं. याच्याशिवाय दुसरं प्रूफ पहिल्याशी ताडून बघता आलं नसतं.

२१ मे

सिकलची जोडी. २एचबीएसमध्ये दोन पूर्ण रेणू आहेत, म्हणजे ८ साखळ्या आणि सहाव्या जागेची ४ व्हॅलिन. सिकलचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतो. तंतूच्या त्या जोडणीत प्रत्येक रेणूच्या दोन व्हॅलिनपैकी एकच शेजाऱ्याच्या खळगीत शिरतं. दुसरं मोकळं राहतं. खळगी बीटा साखळीवरच्या ८५ व्या फिनाइलअॅलनिन आणि ८८ व्या ल्युसिनची. दोन्ही पाणी टाळणारी. रेणूने ऑक्सिजन सोडल्यावरच ही खळगी व्हॅलिनसाठी नीट उघडी होते. ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते त्याचं मूळ इथे आहे.

प्रश्न असा की चारही व्हॅलिन तांबडी करायची की या जोडीत शिरलेलं दिसतं ते एकच? एकच केलं तर चित्र सोपं होतं, पण मग मूल समजेल की बिघाड एकाच जागी आहे. चारही केली तर नजर चार ठिकाणी धावते.

दोन दिवस दोन्ही करून बघितलं. शेवटी रंग आणि आकार यांना वेगवेगळी कामं दिली. चारही व्हॅलिन 'बिघाड' रंगाची, कारण चारही बिघडलेलीच आहेत. पण शिरलेलं तेवढं भरीव गोळ्यांचं, बाकीची तीन बारीक काड्यांची. खळगीचा भाग पृष्ठभाग म्हणून दाखवला, म्हणजे खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. तिला सध्या पायमॉलचा तयार निळा.

२३ मे

दिवे. पायमॉलचं सहज मिळणारं रेंडर चकाकतं. प्लॅस्टिकची खेळणी वाटावीत तसे पांढरे ठिपके पडतात. त्या ठिपक्यांमुळे तांबडा गोळा करड्यात उजळतो आणि सावल्यांमुळे वाळू काळवंडते. स्पेक्युलर (चकाकी) बंद केलं, रे शॅडोज बंद केल्या, सगळीकडून येणारा मंद उजेड वाढवला. मग रे ट्रेस मोड १ लावला, त्याने प्रत्येक आकाराला काळी बाह्यरेषा येते. सपाट रंग आणि बाह्यरेषा या धाटणीचं श्रेय डेव्हिड गुडसेल यांच्या चित्रांना. जानेवारी २००० पासून ते प्रोटीन डेटा बँकेसाठी दर महिन्याला एका रेणूची ओळख करून देत आले. पहिला मायोग्लोबिन होता. गर्दीचा रेणूही त्यांच्या चित्रात शांत दिसतो.

मोड ३ ही बघितला. त्यात रंगांच्या पायऱ्या पडतात. छान दिसतो, पण खळगीची खोली जाते. मोड १ कायम.

पार्श्वभूमी पारदर्शक हवी होती, म्हणून रे ओपेक बॅकग्राउंड बंद केलं. चित्र पांढऱ्या पानावर ठेवलं तर मागच्या साखळ्या मळकट. कारण सापडलं : पडद्यावरची पार्श्वभूमी काळीच होती आणि लांबचे भाग धुक्यात त्या काळ्यात मिसळत होते. आधी पार्श्वभूमी पांढरी केली, मग पारदर्शक. मागच्या साखळ्या आता पांढऱ्याकडे विरतात आणि पुढचा भाग वर येतो.

२४ मे, शनिवार

पहिलं प्रूफ. लोअर परळला इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात छपाई होते. काका पन्नाशीपुढचे, कागद बोटांत धरूनच जीएसएम (कागदाचं वजन) सांगतात.

तांबडं ठीक. राख आणि वाळू ठीक. खळगी जांभळी आली. पडद्यावर गडद निळी असलेली जागा कागदावर वांग्याच्या रंगाची. मी फाइल उघडून दाखवली तर काका म्हणाले, "मॅडम, तुमच्या स्क्रीनवर उजेड आहे, आमच्याकडे शाई. हा निळा आमच्या चार शायांत बसत नाही."

त्यांचं बरोबर. शुद्ध निळा (०, ०, २५५) निळसर आणि किरमिजी शाई एकमेकींवर टाकूनच जवळपास आणता येतो, आणि त्यात किरमिजी वर येते. पायमॉलमध्ये स्पेस सीएमवायके अशी आज्ञा आहे. ती दिली की पडद्यावरचे रंग छपाईला झेपतील इतपत मवाळ होतात, पण निघणारी फाइल आरजीबीच (लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या मापातलीच) राहते. शायांमध्ये रूपांतर छपाईच्या बाजूला होतं. तरी आधीच इशारा मिळाला असता. यापुढे हे पहिल्याच दिवशी.

खळगीचा नवा रंग ०, ११४, १७८, पुन्हा ओकाबे-इतोंचाच. करड्यात ८७, म्हणजे तांबड्याच्या ११९ पेक्षा गडद. मध्ये काळी बाह्यरेषा आहे, त्यामुळे झेरॉक्सवरही गोळा खळगीतून वेगळा काढता येतो.

बाह्यरेषेची तक्रार मात्र माझी स्वतःची. चित्र ३६ सेंटीमीटर रुंद, २७ उंच. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ४२५२ गुणिले ३१८९ पिक्सेल. घरच्या चाचणी चित्रात ठसठशीत असलेली रेषा एवढ्या मोठ्या चित्रात केसासारखी बारीक झाली. तांबड्या गोळ्याचा उठाव तिथेच गेला.

२६ मे, सोमवार

पाऊस. मे महिन्यातच मुंबईत पावसाळा आला, १९५० पासूनच्या नोंदींत सगळ्यात लवकर. लोकल रखडल्या, परळला पाणी भरलं. गाळ्यावर जाणं शक्य नव्हतं, म्हणून घरी बसून मराठी लेबलं.

पायमॉलच्या आत लेबलं करायचा नाद सोडला. त्याच्या बरोबर येणाऱ्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. आणि चित्राच्या पिक्सेलांत अक्षरं बसवली की ताईंनी एक शब्द बदलायला सांगितला तरी सगळं पुन्हा रेंडर करावं लागतं. चित्र इंकस्केप या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणलं, लेबलं तिथे. तिथे जोडाक्षरं नीट जुळतात. 'ग्लुटामिक' आणि 'व्हॅलिन' दोन्ही निर्धोक. फाँट 'मुक्त' नावाचा, मुंबईतच अक्षरं घडवणाऱ्या 'एक टाइप'चा आणि विनामूल्य. दंड आणि वेलांट्या लांबूनही वाचता येतात.

बाह्यरेषेचा उपाय : रेंडर १५० डीपीआयला, म्हणजे २१२६ गुणिले १५९४. भिंतीवरचं पत्रक हातभर अंतरावरून बघतात, तिथे १५० पुरतं. रेषा दुप्पट जाड झाली. पिक्सेल चौथाई झाल्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवरचा वेळही त्याच मानाने उतरला. अक्षरं इंकस्केपमध्ये वेक्टर आहेत, ती कितीही मोठी केली तरी धारदारच राहतात.

३१ मे

हीमचं चित्र. पाठ्यपुस्तकांत हृदयाच्या आकृतीत ऑक्सिजनवालं रक्त लाल आणि बिनऑक्सिजनचं निळं दाखवतात. तीच रीत ठेवावी असं माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, मुलांना ओळखीची म्हणून. मला ते मान्य झालं नाही. मुलं दवाखान्यात शिरेतून काढलेलं स्वतःचं रक्त बघतात, ते निळं नसतं. शिरेतलं रक्त गडद, काळसर तांबडं असतं, कारण ऑक्सिजन सुटल्यावर हीम प्रकाश थोडा वेगळा शोषतं : ५४१ आणि ५७७ च्या दोन शिखरांऐवजी ५५५ च्या आसपास एकच रुंद शिखर. म्हणून ऑक्सिजन धरलेलं हीम उजळ तांबडं, सोडलेलं मरून. सिकलच्या मुलांना सुई या भित्तिपत्रकापेक्षा जुनी ओळखीची आहे. तिथे चित्र खोटं ठरलं तर बाकीच्यावर ती का विश्वास ठेवतील?

लोह मध्ये गोळा म्हणून. ऑक्सिजन सुटल्यावर ते कड्याच्या पातळीतून साधारण ०.४ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) बाहेर सरकतं. बाजूने बघितलं तर एवढंसं सरकणंही दिसतं, म्हणून दोन्ही हीम बाजूने दाखवली. ऑक्सिजनच्या दोन अणूंना पांढरा रंग आणि काळी रेषा. लाल नाही.

३ जून

दुसरं प्रूफ. खळगी निळी आली. काकांनी गाळ्याच्या दारात उजेडाला धरून बघितलं आणि बोट थेट तांबड्या गोळ्यावर ठेवलं. "हे अडकलंय ना?" मी काहीच सांगितलं नव्हतं.

मॅट लॅमिनेशन ठरलं. चकचकीत केलं तर आश्रमशाळेच्या खिडकीसमोर नुसतं प्रतिबिंब दिसेल.

१० जून

छपाई. २० प्रती. चार तासांत झालं.

१२ जून

नळकांड्यात घालून एसटीच्या पार्सलने जव्हारला. सोबत आज्ञांची फाइल पेन ड्राइव्हवर, सगळे रंग, १८ आकडे आणि वापरलेल्या फाइलींच्या नोंदींसकट.

२० जून

काल ताईंचा फोन आला नाही, आज आला. मुलांनी गर्दी केली. 'हे रंग आम्ही दिलेत' ही ओळ एकाने मोठ्याने वाचली आणि "मग खरा रंग कुठला?" विचारलं. ताईंनी हीमकडे बोट दाखवलं.

मग दोन प्रश्न आले, ते ताईंनी लिहून घेतलेत. पहिला : "आत गेलेलं ते बाहेर निघतच नाही का?" निघतं. ऑक्सिजन परत मिळाला की तंतू सुटतात. पण पेशी वाकणं आणि सरळ होणं पुन्हापुन्हा झालं की तिचं आवरण बिघडतं आणि काही पेशी मग वाकलेल्याच राहतात.

दुसरा प्रश्न हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज घेणाऱ्या मुलीचा : "माझं औषध या चित्रात कुठं आहे?"

२२ जून, रविवार

त्या मुलीसाठी चौथं चित्र. औषध स्वतः या खळगीत जाऊन बसत नाही. ते शरीराला गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनवायला लावतं; कुणात जास्त, कुणात कमी. त्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. गॅमाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लच आहे, आणि खळगीला लागून, ८७ व्या जागी, बीटातल्या थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन आहे. अशी साखळी असलेला रेणू तंतूत नीट बसत नाही आणि तंतूची वाढ अडते. म्हणजे चित्रात दाखवायची ती ८७ वी जागा.

रचना १एफडीएच. ऑक्सिजन सोडलेलंच आहे, म्हणून जुन्या दोन चित्रांशेजारी ठेवता येईल. जुने १८ आकडे लावण्याआधी रेणू २एचएचबीवर अलाइन करून घेतला.

गॅमाला नवा रंग हवा. ओकाबे-इतोंचा निळसर हिरवा (०, १५८, ११५) घेतला तर करड्यात १०६, बिघाडाच्या ११९ ला खेटून. त्यात निम्मा पांढरा मिसळला : १२८, २०७, १८५, करड्यात १८१. मग तो अल्फाराखेच्या १७७ शी भिडतो. तीन भाग पांढरा घेतला : १९१, २३१, २२०, करड्यात २१८. राखेपासून ४१ ने दूर. नाव दिलं 'गॅमापालवी'. ८७ व्या जागेला मूळ गडद हिरवा, भरीव गोळे. या चित्रात तांबडं कुठेच नाही, त्यामुळे तिथे टक्कर होत नाही.

समोरच्या खोलीतल्या मुलाला संध्याकाळी दाखवलं. बोट बरोबर पडलं. झेरॉक्स उद्या कॉलेजवर काढून बघते. १५० डीपीआयचं रेंडर आता लावलंय.